धोंड्याच्या जावयाचा पाच फुटी रोटर

कुठून सुरुवात करू, तेच समजत नाही बघा. इतकी वर्षं ही गोष्ट मी गिळून बसलोय. पण तुम्ही चहा पाजलात आणि वर नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत, की "काय रे, सासरवाडीला एरवी धावत जातोस, मग भाताच्या आवणीच्या दिवसांतच का तोंड दाखवत नाहीस?" तर ऐका आता. एकच विनंती आहे. मधेमधे हसू नका, काय हसायचं ते शेवटी एकदाच हसा.

मी आळे गावचा. घरी थोडा कांदा, थोडी द्राक्षं, आणि नोकरी गावातल्या दूध डेअरीत. दुधाचा नमुना मशीनला लावायचा, बटण दाबायचं, फॅटचा आकडा येईल तो लिहायचा. यंत्र नावाच्या वस्तूशी माझा संबंध म्हणाल तर एवढाच.

पण सासरी? सासरी मी इंजिनिअर!

झालं असं, की लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेलो तेव्हा त्यांच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. मी आपला जाता जाता टीव्हीच्या पाठीत एक चापट मारली आणि चित्र लागलं. संपलं! सासरे, म्हणजे आमचे मामा, सगळ्या आळीला सांगत सुटले, "आमच्या पावन्यांच्या हाताला गुण हाय." तेव्हापासून पाण्याची मोटर बंद पडो, पिठाची गिरणी अडो, मामांचा फोन मला. आणि मी तरी "मला यातलं काही कळत नाही" असं एकदा म्हणावं की नाही? छे! आयुष्यात ते एक वाक्य वेळेवर म्हणता आलं असतं, तर आज तुमच्यासमोर असा बसलो नसतो.

सासरवाडी डिंभ्याच्या वरच्या अंगाला. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं जायचं, एसटी आली तर एसटीनं, नाहीतर पायानं. मामा, मामी आणि माझा मेव्हणा दत्तू, असं तीन माणसांचं घर. उताराला एकाखाली एक भाताची खाचरं. एकेक खाचर एवढंसं, की म्हशीनं अंग टाकलं तर निम्मं भरेल. पण त्यांचं वर्षाचं खाणं त्यातूनच निघायचं. वर दोन पोती आमच्याही घरी यायची. पाऊस झाला की खाचरात पाणी कोंडून चिखलणी करायची आणि रोपं जून व्हायच्या आत लावून मोकळं व्हायचं, हीच आवणी. ते आठ-दहा दिवस हुकले की वर्ष हुकलं.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी छोट्या ट्रॅक्टरांची लाट आली. मी मामांना म्हटलं, "मामा, बैल कशाला पाळताय? बारा महिने वैरण खातात. ट्रॅक्टर उभा असला की काही खातो का?" मामांना ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, जावई बोलला म्हणजे ते खरंच असणार. डांगी बैलांची जोडी विकली आणि छोटा ट्रॅक्टर दारात आला. बैल गेले त्या दिवशी मामी दावणीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं. पण मला कळतं कधी?

आता ट्रॅक्टर आला, तरी त्याच्या मागं लावायला रोटर हवा. रोटर म्हणजे फिरत्या पात्यांचं अवजार. ट्रॅक्टर पुढं चालला की मागं हा माती घुसळत येतो. तो कुठला घ्यायचा? मामा म्हणाले, "पावनं धोंड्याला येणार हायेत. त्येच निवडतील."

त्या वर्षी धोंड्याचा महिना नेमका ज्येष्ठात आला होता. आणि धोंड्यातला जावई म्हणजे काय चीज असते, हे काय मी तुम्हाला सांगायचं? तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, नवे कपडे, टोपी. घरातलं माणूस तर सोडाच, कुत्रंसुद्धा जावयावर भुंकत नाही! जावई म्हणाला भिंत हिरवी, तर सगळं घर म्हणणार, हिरवीच की. तीन वर्षांत महिनाभर माणसाला असं डोक्यावर बसवलं, तर त्याचं डोकं ठिकाणावर राहील का? माझं तरी राहिलं नाही.

तर नवी पँट, नवा शर्ट, नवी टोपी घालून मी, मामा आणि दत्तू नारायणगावला अवजारांच्या दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. त्यानं विचारलं, "ट्रॅक्टर केवढा?"

दत्तू म्हणाला, "लहान हाय. अठरा एचपी."

"आणि रान?"

"भाताची खाचरं," मामा म्हणाले. "लई बारकी."

दुकानदारानं लगेच कोपऱ्यातला तीन फुटी रोटर दाखवला. "हा घेऊन जा. तोलात बसतोय. तुमच्या ट्रॅक्टरला ह्याच्यापेक्षा मोठा नको."

मामांनी त्या रोटरवरून हात फिरवला. बैल पसंत पडला की पाठीवरून फिरवायचे, तसाच. म्हणजे वस्तू मनात भरली होती! तेवढ्यात मी पुढं झालो.

"तीन फुटी? अहो शेठ, हे काय परसात वांगी लावायला न्यायचंय का?"

"तसं नाही, पावणं. ट्रॅक्टरच्या लिफ्टला वजन उचलायला झेपलं पाहिजे."

"चाकाच्या बाहेर आला पाहिजे रोटर! नाहीतर चाकाचा माग तसाच राहतो मागं. काय?" हे वाक्य मी डेअरीत दूध घालायला येणाऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. अर्धंच ऐकलं होतं. बाकीचं अर्धं ऐकायच्या आधी पुढचा कॅन आला होता.

दुकानदार म्हणाला, "ते खरंय, पण तुमच्या चाकाला तीन फुटी पुरतोय."

आता पुरतोय म्हटल्यावर गप्प बसावं की नाही? पण समोर मामा, बाजूला दत्तू, अंगावर नवे कपडे! मी बोट केलं भिंतीला टेकवलेल्या पाच फुटीकडे. लालभडक, रुंद, राकट. नवरदेवासारखा दिसत होता.

"हा द्या."

दुकानदार हादरलाच. "अहो, त्याला पस्तीस-चाळीसचा ट्रॅक्टर लागतो!"

"ते कंपनीवाले सांगतात हो. लो गिअरला टाकला की सगळं ओढतं."

दुकानदारानं मामांकडं बघितलं. मामांनी दत्तूकडं. दत्तूनं छताकडं. मग मामा हळूच दुकानदाराला म्हणाले, "आमचं जावई हायेत. धोंड्याला आल्यात."

बस्स! दुकानदाराचा चेहराच बदलला. एवढा वेळ माझ्याशी वाद घालणारा माणूस एकदम हात जोडून म्हणाला, "धोंड्याचे जावई का? मग काय बोलायचंच नाही. पोरांनो, पाच फुटी काढा बाहेर!" आणि वर मला चहा पाजला. मला वाटलं, जिंकलो. त्याच्यासुद्धा घरी जावई असणार, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

घरी रोटर उतरवायला सहा माणसं लागली. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, रोटर ट्रॅक्टरला जोडला. मी ऐटीत म्हटलं, "दत्तू, उचल जरा."

दत्तूनं लिफ्टचा दांडा ओढला. रोटर वीतभर वर आला. आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकंही वीतभर वर आली!

दत्तू ओरडला, "आई गं!" सगळे माझ्याकडं बघायला लागले. अजूनही वेळ होती हो. रोटर कोरा होता, दुकान नारायणगावातच होतं. नुसतं "चुकलं" म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

मी म्हटलं, "नवीन आहे. सवय होईल त्याला."

"हां, हां," मामा म्हणाले. "सवय व्हईल."

"व्हईल की," शेजारचे म्हणाले. आणि मामींनी मला आणखी दोन अनारसे वाढले.

पुढं महिनाभरानं पाऊस लागला, माझी बायको मंदा आवणीला मदत करायला माहेरी गेली. मी फोन केला.

"मामा, रोटर काय म्हणतोय?"

"लई झ्याक, पावनं! लई झ्याक!"

"पुढची चाकं उचलतात का अजून?"

"छ्या! आता कुठं?"

मी डेअरीत छाती पुढं काढून फिरायला लागलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, "रोटर घ्यायचा तर पाच फुटी. लोक उगाच घाबरतात." शेवटी आमच्या वस्तीवरचे नामदेवभाऊ म्हणाले, "मला बी घ्यायचाय. पर मी बघितल्याबिगर घेनार न्हाय. दाव मला चालताना." नामदेवभाऊंचा ट्रॅक्टर मोठा, चाळीसचा. मी म्हटलं, "चला की, आत्ताच!" फोन करून कळवावं, हे सुचलंच नाही. सुचलं असतं तर निदान त्या खाचराचा जीव वाचला असता.

जीप, एसटी, पुन्हा जीप, आणि शेवटी चिखल तुडवत आम्ही दोघं मामांच्या वरच्या बांधावर पोचलो. आणि बघतो तर काय? मामांच्या खाचरांत बैलांच्या जोड्या! सात-आठ जोड्या, माणसं, बाया, सगळा गाव. त्यांच्याकडं पडकई असते. आज आम्ही सगळे तुझ्या रानात, उद्या तू आमच्या. कुणाचं काम अडलं की अशी हाक द्यायची. पण ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याचं काम अडलं कसं? ट्रॅक्टर बांधाच्या कडेला ताडपत्रीखाली उभा होता आणि रोटरवर कोंबड्या बसल्या होत्या.

मी अजून विचारच करतोय, तेवढ्यात खालून एका बाईनं हाळी दिली, "जावई आलं! मंदीचा नवरा आला!"

आणि मग जी पळापळ झाली, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. बैलांच्या जोड्या फटाफट शेजारच्या रानात वळल्या. मामा गुडघाभर चिखलातून धावत सुटले. "दत्तू! कोंबड्या हाकल! चालू कर, चालू कर!" ताडपत्री उडाली, दत्तू सीटवर बसला. आणि तिघं जण, कुणी सांगायच्या आत, ट्रॅक्टरच्या बोनेटवर चढून बसले! सवयीनं चढावं तसे. एकानं तर बसल्याबसल्या मला हात केला.

नामदेवभाऊंनी विचारलं, "ती मान्सं तिथं कशापायी बसल्यात?"

आता मला कळलं होतं, कशासाठी ते. पुढची चाकं खाली राहावीत म्हणून!

"थांबा!" मी ओरडलो. "मामा, राहू द्या!"

पण मामांना वाटलं, जावई कौतुकानं ओरडतोय. ते आणखी जोरात म्हणाले, "बघाच पावनं, कसा चालतूय!"

ट्रॅक्टर बांध ओलांडायला निघाला. दत्तूनं रोटर उचलला. पुढची चाकं वर आली, बोनेटवरची तीन माणसंही वर आली. एक क्षण तिघं आभाळाला टेकल्यासारखे दिसले, आणि मग धपाधप चिखलात पडले. वजन उतरल्यावर ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा राहायला लागला. दत्तूनं घाबरून दांडा सोडला. रोटर खाली आला तो नेमका बांधावर. फिरत्या पात्यांनी बांध असा घुसळला, की बघता बघता हातभर भगदाड! इंजिन गुदमरून बंद पडलं. आणि वरच्या खाचरातलं कोंडलेलं सगळं पाणी धो धो करत खालच्या खाचरात.

खालच्या खाचरात काय होतं माहीत आहे? सकाळपासून बायांनी लावलेली रोपं. अजून मुळंसुद्धा धरली नव्हती. सगळी वर आली आणि पाण्यावर तरंगत एका कोपऱ्यात जाऊन गोळा झाली. अर्ध्या दिवसाचं सगळ्या गावाचं काम, मामांच्या घरचे दोन-तीन महिन्यांचे घास, माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेले. मला वाटलं, त्या भगदाडात आपणच आडवं पडावं. निदान बांध तरी होईल.

नामदेवभाऊ शांतपणे म्हणाले, "ह्येच दावायला आनलंस व्हय रं मला?"

आणि मामा? चिखलानं माखलेले मामा माझ्याकडं येत हसून म्हणाले, "काय न्हाई, काय न्हाई! पावनं, पानी लईच साचलं व्हतं खाचरात. बरं झालं, गेलं."

बरं झालं! अहो, शिव्या द्या, थोबाडीत मारा, पण हे बरं झालं नको!

तेव्हा मंदा चिखलातून उठली. कमरेला पदर खोचलेला, हातात रोपांची मूठ. "बाबा, आता पुरं झालं," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "अहो, ऐका. त्यो रोटर एक दिवस चालला न्हाई. पयल्याच खाचरात चारदा बंद पडला. फुडच्या खाचरात शिरंना म्हनून बाबांनी बांध तोडून वाट रुंद केली. तरी जमंना. रोपं जून व्हायला लागली, दारात बैल न्हाईत. मंग घरोघर जाऊन पडकईची हाक दिली. आता आई आन् दत्तू म्हैनाभर लोकांच्या चिखलात राबनार हायेत, त्याची फेड करायला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"कुनी सांगायचं? धोंड्यात जावयानं निवडलेली वस्तू! आईनं मला शपथ घातली व्हती."

मी मामांपुढं हात जोडले. "मामा, चुकलं माझं. मला यातलं काही कळत नाही. तो टीव्हीसुद्धा आपोआप लागला होता. बोला मला काहीतरी! आता धोंडा संपलाय की!"

मामा विचारात पडले. खरंच पडले. मग म्हणाले, "संपलाय खरा. पर तीन वर्सांनी परत येतूच की."

आता काय करणार अशा माणसांपुढं?

रोटरचं पुढं ठीक झालं. नामदेवभाऊंनी तो फिरून फिरून बघितला. पात्यांना चिखल लागला होता तेवढाच, वरच्या पत्र्याचा लाल रंग आणि हळद-कुंकू जसंच्या तसं. "माझ्या ट्रॅक्टरला बसतोय की ह्यो," म्हणाले, आणि आठवड्यानं घेऊन गेले. मामांना तो कोपऱ्यातला तीन फुटी आणून दिला. दुकानात गेलो तेव्हा दुकानदारानं फक्त एकच विचारलं, "आज जावई म्हणून आलाय, का गिऱ्हाईक म्हणून?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक." तर म्हणाला, "मग बोलू नका, मी देतो ते घ्या."

पण ते नंतर. त्या दिवशी, त्या बांधावर, मला काही राहवेना. धोंड्याची ती नवी पँट गुडघ्याच्या वर गुंडाळली आणि उतरलो चिखलात. म्हटलं, माझ्यामुळं वाहून गेलं ते माझ्या हातानं लावीन. कोपऱ्यात तरंगणारी रोपं गोळा केली, बायांच्या ओळीत वाकून उभा राहिलो आणि लावत सुटलो. कंबर मोडली, बोटं सुजली, पण मान वर केली नाही. मामी माझ्या मागंच होत्या. मधूनमधून त्यांचा आवाज यायचा, "लई झ्याक लावता हो, पावनं!"

खरं सांगतो, त्या शब्दांनी जिवाला जरा बरं वाटत होतं. वाटलं, चला, दिवसभरात एक तरी गोष्ट आपल्या हातून नीट होतेय. सूर्य कलायला लागला तेव्हा कंबर सरळ केली आणि आपलं काम डोळे भरून बघावं म्हणून वळलो.

मामी वाकून माझ्या मागून येत होत्या. मी लावलेलं एकेक रोप आवाज न करता उपटत होत्या, आणि पुन्हा नीट लावत होत्या.

म्हणून नाही जात मी आवणीच्या दिवसांत. मी गेलो की त्यांना सगळं खाचर दोनदा लावावं लागतं, आणि वर माझं कौतुकही करावं लागतं.